घर विकण्यापूर्वी दुरुस्ती किती करावी?

‘घर पाहावे बांधून’ असे आपली म्हण सांगते. घर विकून पाहण्याविषयी मात्र ती मौन पाळते. गेल्या वर्षी आजोबांच्या पश्चात त्यांचे सांगलीचे घर विकण्याचे ठरले, तेव्हा दुरुस्तीच्या प्रश्नावरून आमच्याकडे बराच वाद झाला. वर्गात शिकलेले अर्थशास्त्र तेथे कितपत उपयोगी पडते, हे तपासण्याचा प्रयत्न मी येथे करीत आहे.

घर बांधताना झालेला खर्च हा बुडीत खर्च होय. विक्रेत्याने विचार करायचा तो पुढच्या रुपयाचा. तो रुपया घातल्याने किंमत रुपयापेक्षा जास्त वाढते काय, हा सीमान्त विचार होय. पण ग्राहक किंमत कशावरून ठरवतो हे कळल्याखेरीज तो वापरता येत नाही.

याचे उत्तर जॉर्ज अकेरलॉफ यांच्या १९७० सालच्या निबंधात सापडते. जुन्या मोटारीचे दोष विकणाऱ्याला ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात. म्हणून घेणारा प्रत्येक गाडी सदोष असू शकेल असे धरूनच भाव करतो, आणि चांगल्या गाडीलाही योग्य किंमत येत नाही. या विचाराबद्दल त्यांना २००१ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. जुन्या घराचेही तसेच आहे. ग्राहक ओल पाहतो आणि न दिसणाऱ्या दहा दोषांची किंमत वजा करतो.

यावरून खर्चाचे तीन प्रकार पडतात.

(१) शंका दूर करणारा खर्च : गच्चीची गळती, मोरीची ओल, जुने वायरिंग. पाणी स्लॅबमधील सळईपर्यंत गेले की लोखंड गंजून फुगते आणि काँक्रीट फुटते. ही दुरुस्ती आधी करावी. मालमत्ता पत्रकावरील वारसनोंद आणि मंजूर नकाशा हेही याच सदरात येतात. कारण कर्ज काढून घेणाऱ्या ग्राहकाची बँक आधी कागदच पाहते.

(२) नजरेचा खर्च : साफसफाई, साधा फिका रंग, दारे-खिडक्यांच्या कड्या. हा थोडक्यात भागतो. मात्र लोणा लागलेल्या भिंतीवर नुसता रंग देणे व्यर्थ. तो पापुद्र्यांनी सुटतो.

(३) आवडीचा खर्च : संगमरवरी फरशी, नवे स्वयंपाकघर. आपली आवड ती ग्राहकाची असेलच असे नाही. तो ते उखडूनही टाकील.

आमच्या थोरल्या काकांचा आग्रह फरशीचा होता. परंतु खर्च सामाईक होता, म्हणजे तो आत्याच्या वाट्यातूनही जाणार होता. आणि त्या वाट्यावरच तिचे पुढचे दिवस अवलंबून आहेत. दुसऱ्याच्या पैशाने हौस भागवू नये, हे वडिलांचे म्हणणे अखेर सर्वांना पटले. गच्ची, मोरी, वायरिंग आणि वारसनोंद एवढ्यावरच खर्च झाला.

मग दोष रंगाखाली झाकला तर काय बिघडले, असे कोणी विचारील. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे, विक्रेत्याला ठाऊक असलेला आणि ग्राहकाला साधारण काळजी घेऊनही न कळणारा महत्त्वाचा दोष उघड करणे हे विक्रेत्याचे कर्तव्य आहे. जो दोष दुरुस्त करणे परवडत नाही, तो सांगून किमतीत तेवढी सूट द्यावी. दुरुस्तीच्या पावत्या जपून ग्राहकाला दाखवाव्यात.

थोडक्यात, विक्रीपूर्वी पैसा घालावा तो घर सजवण्यासाठी नव्हे, तर घेणाऱ्याचा विश्वास बसावा म्हणून.