सकाळचा आकडा

अगं, सकाळी साखरेच्या मीटरवर १६८ दिसले रे दिसले की तुझा फोन, आणि पहिलं वाक्य ठरलेलं: "ताई, रात्री अर्धीच भाकरी खाल्ली गं!" जसा काही कुणी तुझ्यावर चोरीचा आळ घेतलाय. त्या भाकरीला सोड बिचारीला.

रात्रभर तू जेवत नाहीस, पण मेंदूला साखर लागतेच. ती पुरवतं लिव्हर. ते म्हणजे घरातलं कोठार, दिवसा भरून घेतं आणि रात्री थोडं थोडं काढून देतं. पहाटे तीन-चारच्या सुमाराला शरीर उठायच्या तयारीला लागतं. कॉर्टिसॉल, ग्रोथ हॉर्मोन वगैरे वाढतात आणि लिव्हर जरा सढळ हाताने साखर सोडू लागतं. हे माझ्याही शरीरात होतं बरं का. पण डायबेटिस नसला की इन्शुलिन वेळेवर वाढतं आणि लिव्हरला आवर घालतं. टाइप टूमध्ये ते अपुरं पडतं, आणि जे असतं त्याला लिव्हर जुमानत नाही. डॉक्टरांच्या भाषेत हा ‘डॉन फिनॉमिनन’.

म्हणून सांगते, रात्रीचं जेवण सोडून हा आकडा उतरवायला जाऊ नकोस. तुझ्या गोळ्यांत ग्लिमेपिराइड आहे ना? ती घेऊन उपाशी झोपलीस तर साखर मध्यरात्री धोक्याइतकी खाली जाऊ शकते. मामी कारल्याचा रस सुचवतील, शेजारीण मेथीचं पाणी. ऐकून घे, पण त्यांच्या भरवशावर गोळी बंद करू नकोस.

त्यापेक्षा हे कर. तीन-चार रात्री झोपताना, पहाटे तीनला आणि उठल्या उठल्या अशी तीनदा साखर बघ. हो, तीनचा गजर लावायचा, कुरकुर नको. झोपतानाच आकडा चढलेला असेल तर मुद्दा जेवणाचा आहे: साडेदहाला जेवून अकराला आडवं होणं, मालिका बघताना फरसाण. मग जेवण अलीकडे आण आणि जेवल्यावर पंधरा-वीस मिनिटं चाल. झोपताना बरी, तीनलाही बरी आणि सकाळी वर, तर ते लिव्हरचं काम. आणि तीनला ७० च्या खाली दिसली, तर तिथल्या तिथे तीन चमचे साखर पाण्यातून घे, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपास, आणि सकाळी दवाखाना उघडला की डॉक्टरांना कळव. रात्री उतरलेली साखर उसळी मारून सकाळी वर जाते, असं सोमोजी नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात मांडलं होतं. आता सेन्सर लावून रात्रभर पाहिलं तर तसं फार कमी वेळा दिसतं. पण रात्री साखर उतरणं हेच मुळात धोक्याचं, मग सकाळी काही का दिसेना.

टोचण्याआधी हात साबणाने धुऊन कोरडे करतेस ना? बोटाला आंब्याचा रस राहिला तरी मीटर खोटं बोलतं.

उपाशीपोटी ८० ते १३० हे बहुतेकांसाठी लक्ष्य असतं, पण तुझं तुझ्या डॉक्टरांनी ठरवायचं. एखाद्या दिवशी १४५ आली म्हणून रडत बसू नकोस. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी कुठे आहे ते बघ. ती ठीक असेल तर सकाळच्या आकड्याची एवढी धास्ती नको. तीही चढली असेल तर औषध बदलायची वेळ आली असेल. मेटफॉर्मिन लिव्हरचं हे साखर सोडणं कमी करतं, पण त्याचा डोस किंवा वेळ आपल्या मनाने हलवायची नाही.

एक राहिलंच. तू घोरतेस का, मध्येच श्वास अडकल्यासारखा होतो का, ते नवऱ्याला विचार. लाजू नकोस. झोपेत श्वास अडत असेल तर त्यानेही साखर चढते, आणि त्यावर उपचार आहेत. डॉक्टरांकडे जाताना आकड्यांच्या कागदावर हेही लिहून ने. नाहीतर तू तिथे जाऊन भाकरीचंच पुराण लावशील, ओळखते मी तुला.