विश्वकिरण आणि पेशीतील डीएनए

पंचवटीच्या गोदाघाटावर एखाद्या मुलाने तळहात आडवा पसरला, तर त्याच्या प्रत्येक चौरस सेंटीमीटरातून दर मिनिटास सुमारे एक म्यूऑन कण आरपार जातो. मुलास त्याची जाणीवही होत नाही. अवकाशातून वेगाने आलेली अणुकेंद्रे वातावरणावर आदळून हे कण निर्माण होतात. व्हिक्टर हेस याने १९१२ साली बलूनमधून ५,००० मीटरांहून उंच जाऊन या विश्वकिरणांचा शोध लावला, डॉ. होमी भाभा यांच्या अभ्यासाचा विषयही हाच होता.

पंचवटीकरांच्या डोक्यावरील हवा सुमारे दहा मीटर पाण्याइतका आडोसा देते. अंतराळवीरास तो नसतो. राकेश शर्मा १९८४ साली सुमारे आठ दिवस, तर शुभांशु शुक्ला २०२५ साली सुमारे वीस दिवस या आडोशापलीकडे राहिले.

अपाय कसा होतो, हे शिक्षकांनी हजेरीपटाच्या उदाहरणाने समजवावे. डीएनए दुपदरी असतो. जणू एकाच पटाच्या दोन प्रती. एक प्रत फाटली तर दुसरीवरून ती लिहून काढता येते, आणि पेशी हे काम अखंड करीत असते. परंतु लोहासारख्या जड अणुकेंद्राच्या मार्गात दोन्ही पदर एकाच ठिकाणी तुटतात. मग पेशी तुटकी टोके कशीबशी सांधते, व मजकूर चुकतो. अशी चूक पेशीवाढीचे नियमन करणाऱ्या जनुकात झाली, तर पुढे कर्करोग उद्भवू शकतो. डोळ्यातील भिंगाचा मोतीबिंदूही अशाच माऱ्याने संभवतो.

‘किरण लागले की रोग झालाच’ असे मात्र मुलांस कदापि सांगू नये. येथे प्रश्न संभवाचा आहे. पृथ्वीवर नैसर्गिक किरणोत्सर्गाची सरासरी मात्रा वर्षास सुमारे २.४ मिलिसीव्हर्ट आहे; अंतराळ स्थानकावर तेवढी काही दिवसांतच मिळते. स्कॉट केली २०१५-१६ मध्ये ३४० दिवस तेथे राहिले, आणि त्यांच्या गुणसूत्रांची तुलना पृथ्वीवरील जुळ्या भावाशी करण्यात आली. स्कॉट यांच्या गुणसूत्रांत उलटापालट अधिक आढळली.

मंगळाच्या वाटेवर ‘क्युरिऑसिटी’ यानाने दिवसास सुमारे १.८ मिलिसीव्हर्ट मात्रा मोजली. मग यानाची भिंत जाड करावी, असे मुले सुचवितील. सूचना योग्य आहे, पण धातूवर आदळून हे किरण नवे कण उसळवितात. म्हणून त्याच वजनाचे पाणी वा पॉलिथिलीन अधिक उपयोगी ठरते.