विमान रडारला किती मोठे दिसते?

अंधाऱ्या खोलीत एक स्टीलचे ताट उभे करावे, शेजारी पोटाचा चकचकीत तांब्या ठेवावा आणि डोळ्याजवळ धरलेल्या विजेरीचा झोत त्यांवर टाकावा. तांब्यावर लहानसा ठिपका चमकतो; आपण बाजूला सरकलो तरी तो दिसतच राहतो. ताट मात्र अगदी समोर असता डोळे दिपवते आणि किंचित तिरपे होताच काळवंडते. पालकांनी मुलांना हा प्रयोग अवश्य दाखवावा. पुढील सारे विवेचन या दोन भांड्यांवरच उभे आहे.

विमान रडारचे तरंग किती प्रमाणात परत पाठवते, ते चौरस मीटरमध्ये सांगतात. या राशीला रडार काटछेद म्हणतात. विमानाच्या लांबीरुंदीवरून तिचा अंदाज बांधता येत नाही. सुमारे १.१३ मीटर व्यासाच्या धातूच्या गोळ्याचा काटछेद १ चौरस मीटर भरतो. परंतु १ चौरस मीटरच्या सपाट चौरस पत्र्यावर ३ सेंटिमीटर तरंगलांबीचे तरंग काटकोनात पडले, तर उत्तर सुमारे १४,००० चौरस मीटर येते! आणि तोच पत्रा जेमतेम एक अंश कलला की हा प्रखर प्रतिसाद ओसरतो.

संगणकाने हिशेब करताना विमानाच्या पृष्ठभागाचे लहान सपाट तुकडे कल्पितात, प्रत्येक तुकड्यावर उठणारा विद्युत्प्रवाह काढतात आणि तेथून परतणाऱ्या तरंगांची बेरीज करतात. ही बेरीज अंकांची नव्हे, तरंगांची असते: शिखरावर शिखर आले तर बळ वाढते, शिखर दरीत पडले तर दोन्ही लोपतात. अडचण येते ती कडांपाशी. तेथे प्रवाह पत्र्याच्या मध्यभागासारखा वाहत नाही. सपाट भाग तिरपे करून त्यांचा प्रतिसाद अन्यत्र वळवला की मुख्यतः कडांचाच प्रतिसाद उरतो, आणि नेमका तेथेच साधा हिशेब चुकतो.

ही उणीव सोव्हिएत शास्त्रज्ञ प्योत्र उफिम्त्सेव यांनी भरून काढली. त्यांचा ग्रंथ १९६२ मध्ये मॉस्को येथे उघडपणे प्रसिद्ध झाला. १९७१ मध्ये अमेरिकन हवाई दलाने त्याचे भाषांतर करविले. पुढे लॉकहीड कंपनीतील डेनिस ओव्हरहोल्सर यांनी त्याचा आधार घेऊन संगणकीय आज्ञावली रचली. त्या काळच्या संगणकाला वक्र पृष्ठभागांचा हिशेब झेपत नव्हता. म्हणून विमानच सपाट पैलूंचे केले गेले! वायुगतिकीच्या जाणकारांनी त्या आराखड्याची ‘होपलेस डायमंड’ अशी थट्टा केली. तरीही त्यातून घडलेले प्रायोगिक विमान १ डिसेंबर १९७७ रोजी उडाले आणि १९८१ मध्ये एफ-११७ आकाशात गेले.

काटछेद दहा हजारपटीने घटला, तरी रडारचा पल्ला केवळ दहापटीने घटतो. एवढ्यासाठी हा खटाटोप.

२७ मार्च १९९९ रोजी सर्बियात असेच एक एफ-११७ पाडले गेले. त्याचा माग काढण्यासाठी मीटरभर लांबीच्या तरंगांचे जुने सोव्हिएत रडार वापरले होते. इतक्या लांब तरंगांपुढे विमानाचे अनेक भाग लहान ठरतात आणि सुट्या तुकड्यांची बेरीज पुरत नाही. सर्व तुकड्यांचा परस्परांवरील परिणाम धरून मॅक्सवेलची समीकरणे एकत्र सोडवावी लागतात. गंमत अशी की लांब तरंगांसाठी तुकडे थोडेच लागतात. ३ सेंटिमीटरच्या तरंगांसाठी हीच पद्धत संपूर्ण विमानाला लावल्यास अज्ञात राशींची संख्या कोट्यवधींच्या घरात जाते. म्हणून तेथे कडांचे ते जुने गणित आजही उपयोगी पडते.