लिनक्सचा दैनंदिन वापर आणि तांत्रिक मदत मागण्याची रीत

संगणक ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज, परीक्षेचे प्रवेशपत्र, निकाल, नोकरीची जाहिरात ही सर्व कामे संगणकावरच करावी लागतात. परंतु नवा संगणक घेणे प्रत्येक कुटुंबास परवडतेच असे नाही. त्यामुळे पुष्कळ घरांत व अभ्यासिकांत वापरलेले किंवा देणगीदाखल मिळालेले संगणक येतात. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचे नियमित पाठबळ संपले. विंडोज ११ साठी आवश्यक असलेली टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था अनेक जुन्या संगणकांत नाही. तेव्हापासून "हा संगणक आता भंगारात द्यायचा का?" असा प्रश्न आम्हांस वारंवार विचारला जातो. आमचे उत्तर असे, की भंगारात देण्यापूर्वी त्यावर लिनक्स घालून पाहावे.

मात्र लिनक्स घातल्यावर दुसरा प्रश्न उभा राहतो. एखादी गोष्ट अडली तर विचारावे कोणास, आणि विचारावे कसे? प्रस्तुत लेखात पहिल्या भागात नित्य वापराविषयी थोडेसे सांगून दुसऱ्या भागात या प्रश्नाचा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे. आमच्या अनुभवाप्रमाणे पुष्कळ विद्यार्थी लिनक्स कठीण म्हणून सोडत नाहीत. त्यांनी विचारलेल्या प्रश्नाला उत्तर मिळत नाही, म्हणून सोडतात.

लिनक्स म्हणजे काय?

२५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने मिनिक्स ही प्रणाली वापरणाऱ्यांना उद्देशून एक संदेश पाठविला. आपण छंद म्हणून एक नवी प्रणाली तयार करीत आहोत, तीत कोणत्या गोष्टी असाव्यात असे तुम्हांस वाटते, असे त्याने विचारले होते. ही प्रणाली म्हणजे लिनक्सचा गाभा. १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी जाहीर केलेल्या ग्नू प्रकल्पातील साधने या गाभ्यास जोडली गेली आणि १९९२ साली लिनक्स जीपीएल या मुक्त परवान्याखाली आले. त्यामुळे ही प्रणाली कोणीही वापरावी, तपासावी, बदलावी आणि दुसऱ्यास द्यावी अशी मुभा आहे. आपल्या खिशातील अँड्रॉईड फोनचा गाभाही लिनक्सच आहे.

लिनक्स एकाच नावाने मिळत नाही. डेबियन, उबुंटू, लिनक्स मिंट, फेडोरा असे त्याचे अनेक संच आहेत. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या संस्थेनेही 'बॉस' नावाचा भारतीय संच तयार केलेला आहे. नवशिक्याने एकच संच निवडून त्यावर काही महिने काम करावे. दर आठवड्यास संच बदलणारा विद्यार्थी कोणताच नीट शिकत नाही.

नित्य वापरातील काही अडचणी

नव्याने येणाऱ्यांना ज्या गोष्टी हमखास अडवतात, त्या पुढीलप्रमाणे.

१) पासवर्ड दिसत नाही : टर्मिनलमध्ये पासवर्ड टाईप करताना पुष्कळ संचांत पडद्यावर काहीच उमटत नाही, ठिपकेही नाहीत. त्यामुळे कीबोर्ड बिघडला असा समज होतो. तो बिघडलेला नसतो. पासवर्ड पूर्ण टाईप करून एंटर दाबावे.

२) लहान-मोठी अक्षरे : लिनक्स फाईलच्या नावातील इंग्रजी लहान व मोठ्या लिपीत भेद करते. मोठ्या अक्षराने सुरू होणारी 'रिपोर्ट' आणि लहान अक्षराने सुरू होणारी 'रिपोर्ट' या दोन वेगळ्या फायली होत.

३) नवे प्रोग्राम : ते कोठूनही उतरवून घेऊ नयेत. प्रत्येक संचाचे स्वतःचे भांडार असते. मेनूतील 'सॉफ्टवेअर' या ठिकाणाहून हवा तो प्रोग्राम शोधून बसवावा. असे केल्याने त्याच्या पुढील दुरुस्त्याही आपोआप मिळत राहतात.

४) पेन ड्राइव्ह काढणे : फाईल कॉपी झाली असे पडद्यावर दिसले तरी मजकुराचा काही भाग अद्याप संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीत असू शकतो. वेग वाढावा म्हणून लिनक्स प्रत्यक्ष लिहिण्याचे काम थोडे मागे ठेवते. म्हणून 'इजेक्ट' करून सूचना आल्यावरच पेन ड्राइव्ह काढावा. प्रकल्पाची फाईल रिकामी निघाल्याची तक्रार पुष्कळदा या घाईतून येते.

५) जुन्या मराठी फायली : पूर्वीच्या अनेक मराठी फाँटांत इंग्रजी अक्षरांच्या सांकेतिक क्रमांकांवर मराठी अक्षरांची चित्रे बसविलेली असत. तो फाँट नसलेल्या संगणकावर फाईल उघडली की मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांची जंत्री दिसते. हा लिनक्सचा दोष नव्हे आणि फाईलही बिघडलेली नसते. ती युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावी लागते. नवे लेखन आरंभापासून युनिकोडमध्येच करावे. त्यासाठी लागणारा मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड प्रमुख संचांत आधीच असतो. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन तो फक्त जोडावा लागतो.

एक उदाहरण

आता मुख्य विषयाकडे वळू. आमच्या अभ्यासिकेतील एका विद्यार्थिनीस जुना लॅपटॉप मिळाला. त्यावर लिनक्स मिंट घातले. पडदा, आवाज, कीबोर्ड सर्व सुरू झाले, पण वाय-फाय काही दिसेना. शिष्यवृत्तीच्या अर्जास तीन दिवस उरले होते आणि तिची सर्व कागदपत्रे त्याच लॅपटॉपवर होती. तिने लिनक्स जाणणाऱ्या काही मंडळींना मोबाईलवरून संदेश पाठविला :

"सर नेट चालत नाही. खूप अर्जंट आहे. प्लीज प्लीज मदत करा."

दीड दिवस गेला. एकाने "कोणता लॅपटॉप?" एवढेच विचारले. बाकीच्यांनी काहीच कळविले नाही. ती आमच्याकडे आली तेव्हा म्हणाली, "मी विचारायलाच नको होतं. त्यांना वाटलं असेल, हिला काहीच येत नाही."

हे तिचे वाक्य आम्हांस फार लागले. ज्यांच्या घरात पहिल्यांदाच संगणक आलेला आहे, त्यांना उत्तर न मिळाल्यास ते दोष स्वतःच्या पात्रतेस देतात आणि पुन्हा विचारीत नाहीत. वस्तुतः येथे पात्रतेचा काही संबंध नव्हता. तिच्या संदेशात उत्तर देण्याजोगी माहितीच नव्हती. नेट न चालण्याची कारणे अनेक असतात : चिप ओळखली गेली नसेल, पासवर्ड चुकला असेल, विमानाचे चिन्ह असलेले बटण दाबले गेले असेल किंवा जोडणीच बंद असेल. वाचणाऱ्याने यांपैकी काय समजावे?

आम्ही तिच्याशेजारी बसून संदेश पुन्हा लिहविला. तो असा :

"जुन्या लॅपटॉपवर (मॉडेल क्रमांक अमुक) काल लिनक्स मिंट २२ घातले. मला वाय-फायने नेट जोडायचे आहे. नेटवर्कच्या चिन्हावर क्लिक केल्यास वाय-फायची यादीच येत नाही. केबलची जोडणी तेवढी दिसते. याच खोलीत मोबाईलवर वाय-फाय चालते. लॅपटॉप दोनदा बंद करून सुरू केला, विमानाचे बटणही तपासले. संगणकाच्या माहितीत नेटवर्क चिपविषयी ज्या ओळी आल्या, त्या खाली जशाच्या तशा दिल्या आहेत. केबलने नेट घेण्याची सोय येथे नाही. अर्जाची मुदत परवा संपते."

अर्ध्या तासात उत्तर आले. त्या चिपचा ड्रायव्हर, म्हणजे तिला चालविणारा प्रोग्राम, मुक्त परवान्याचा नसल्याने तो आपोआप बसलेला नव्हता. मोबाईल चार्जिंगच्या केबलने लॅपटॉपला जोडावा, मोबाईलमध्ये 'यूएसबी टेदरिंग' सुरू करावे, म्हणजे लॅपटॉपला तात्पुरते नेट मिळेल. नंतर मेनूतील 'ड्रायव्हर मॅनेजर' उघडून शिफारस केलेला ड्रायव्हर निवडावा आणि लॅपटॉप पुन्हा सुरू करावा, असे त्यांनी कळविले. तसे केले आणि वाय-फाय सुरू झाले.

मंडळी तीच होती, मुलगीही तीच होती. बदलला होता तो फक्त प्रश्न.

प्रश्नात काय असावे?

वरील दुसऱ्या संदेशाचे पृथक्करण केल्यास सहा गोष्टी हाती लागतात. त्या विद्यार्थ्यांनी वहीत उतरवून घ्याव्यात.

१) साधन कोणते : संगणकाचे मॉडेल, लिनक्सचा संच व त्याची आवृत्ती. मॉडेल बहुधा लॅपटॉपच्या तळाशी छापलेले असते. मिंटमध्ये संगणकाची माहिती एकत्र दाखविणारा प्रोग्राम मेनूतच आहे.

२) करायचे काय आहे : आपला मूळ हेतू.

३) केले काय आणि घडले काय : क्रमाने. "चालत नाही" या शब्दांनी काहीच कळत नाही. काय दिसले, काय दिसले नाही, ते लिहावे.

४) त्रुटीचा संदेश : जसाच्या तसा. आपल्या शब्दांत सांगू नये, त्याचे भाषांतरही करू नये. टर्मिनलमधील मजकूर कॉपी करण्यासाठी कंट्रोल, शिफ्ट व सी ही तीन बटणे एकत्र दाबावीत. केवळ कंट्रोल व सी दाबल्यास चालू असलेले काम थांबते.

५) आधी काय करून पाहिले : यामुळे उत्तर देणाऱ्याचा वेळ वाचतो आणि आपण प्रयत्न केला आहे हेही त्यास समजते.

६) अलीकडे काय बदलले : काल चालत होते आणि आज बंद पडले, तर मधल्या काळात काय केले?

सायमन टॅथम या प्रोग्रामरने १९९९ साली दोष कसा कळवावा यावर एक लेख लिहिला आहे. दोष समोरच्यास स्वतः पाहता यावा अशा रीतीने सांगावा, हे त्यातील मुख्य सूत्र आहे. डॉक्टरकडे गेल्यावर आपण नुसते "बरे नाही" म्हणत नाही. ताप केव्हापासून, किती, कोणते औषध घेतले, हे सांगतो. येथेही तसेच करावे.

यांतील दुसऱ्या मुद्द्याविषयी थोडे अधिक सांगणे आवश्यक आहे, कारण त्यात आमचीही चूक झाली. नेट सुरू झाल्यावर त्याच विद्यार्थिनीने विचारले, "पीडीएफची पानं फोटोत कशी बदलायची?" आम्ही अर्धा तास खर्चून ते शिकविले. फोटोंचा आकार मूळ फाईलहून मोठा झाला. तेव्हा कळले, की अर्जासाठी फाईल २०० केबीच्या आत हवी होती आणि फोटो केल्यास ती लहान होईल असा तिचा समज होता. कागद ६०० डीपीआयवर रंगीत स्कॅन केलेला होता. तोच १५० डीपीआयवर, रंगाविना पुन्हा स्कॅन केला. ठिपक्यांची संख्या सोळाव्या हिश्शावर आली आणि फाईल मर्यादेत बसली. आपण शोधलेल्या वाटेविषयीच विचारले तर उत्तरही त्या वाटेचेच मिळते. म्हणून कोठे जायचे आहे ते प्रथम सांगावे. विचारणाऱ्याने सांगितले नाही, तर ऐकणाऱ्याने विचारून घ्यावे. ते आम्ही केले नाही.

काही पथ्ये

विचारण्यापूर्वी त्रुटीचा संदेश शांतपणे वाचावा. पुष्कळदा उत्तर त्यातच असते. "परवानगी नाही", "अशी फाईल नाही", "डिस्कवर जागा नाही" अशा अर्थाची साधी इंग्रजी वाक्ये असतात. तोच संदेश शब्दशः शोधूनही पाहावा.

माहिती देताना पासवर्ड, आधार क्रमांक, बँकेचा तपशील कोणासही देऊ नये. फोटो पाठविण्यापूर्वी या गोष्टी त्यात दिसत नाहीत ना, हे तपासावे.

कोणी आज्ञा लिहून पाठविली तर ती काय करते हे समजल्याशिवाय चालवू नये. 'सुडो' या शब्दाने सुरू होणारी आज्ञा संपूर्ण संगणकावर अधिकार चालविते. 'आरएम' या आज्ञेने काढलेली फाईल कचरापेटीतून परत घेता येत नाही. "ही आज्ञा काय करते?" असे विचारण्यात कमीपणा नाही. चांगला जाणकार ते आनंदाने सांगतो.

इंग्रजी चांगले नसल्यास लहान वाक्ये लिहावीत. विनवण्या व क्षमायाचना यांची जरुरी नाही. सभ्यता आणि पूर्ण माहिती एवढे पुरे.

उत्तर मिळाल्यावर

काम झाल्यावर पुष्कळ जण गप्प बसतात. तसे करू नये. कोणत्या उपायाने काम झाले ते दोन ओळींत कळवावे आणि आभार मानावेत. उपाय लागू पडला नसेल तर तेही सांगावे. आमच्या अभ्यासिकेत आता एक वही ठेवलेली आहे. तारीख, संगणक, अडचण आणि उपाय असे चार रकाने तीत आहेत. वाय-फायची हकिकत तिच्या पहिल्या पानावर त्या विद्यार्थिनीनेच लिहिली. पुढे तशाच लॅपटॉपचा प्रश्न घेऊन एक मुलगा आला, तेव्हा तिने ते पान उघडून त्याला दाखविले. अर्ज तिने मुदतीपूर्वी एक दिवस भरला होता.

पालक, शिक्षक व कार्यकर्ते यांना आमची एक विनंती आहे. एखादे मूल "चालत नाही" एवढेच म्हणाले, तर हसू नये. "काय करत होतास? पडद्यावर काय आलं?" असे विचारावे. दोन-चार वेळा असे विचारले, की पुढच्या वेळी ते मूल या प्रश्नांची उत्तरे घेऊनच येते. ही सवय संगणकापुरती राहत नाही. कार्यालयात तक्रार लिहिताना, दवाखान्यात दुखणे सांगताना आणि वर्गात शंका विचारताना तीच उपयोगी पडते. प्रत्येक अभ्यासिकेने अशी एक वही सुरू करावी आणि ती कपाटात न ठेवता संगणकाशेजारी ठेवावी, अशी आमची सूचना आहे.