छोट्या दुकानाचं डेटा वेअरहाऊस: सॉफ्टवेअर नंतर, आधी प्रश्न



आजच्या व्हिडिओत स्क्रीनवर जे तक्ते दाखवले, ते तुम्हाला स्वतःच्या धंद्यासाठी कसे बनवता येतील ते इथे सविस्तर लिहितोय. वही-पेन घेऊनच बसा.

"डेटा वेअरहाऊस" म्हटलं की मोठ्या कंपन्या डोळ्यांसमोर येतात. पण आपले जुने व्यापारी दोन वह्या ठेवायचे, आठवतं? रोजमेळ आणि खतावणी. रोजमेळात दिवसभराचे व्यवहार घडतील त्या क्रमाने लिहायचे. खतावणीत तेच व्यवहार खात्यानुसार लावायचे. एखाद्याकडून किती येणं आहे हे रोजमेळात शोधायचं तर शंभर पानं उलटा, खतावणीत मात्र एका पानावर उत्तर.

तुमचं बिलिंग सॉफ्टवेअर म्हणजे रोजमेळ. गिऱ्हाईक समोर उभं असताना पटकन बिल काढणं हे त्याचं काम. डेटा वेअरहाऊस म्हणजे खतावणी, पण जास्त बाजूंनी उघडणारी: मालानुसार, तारखेनुसार, ग्राहकानुसार, पुरवठादारानुसार. दोघांची कामं वेगळी, म्हणून मांडणीही वेगळी.

पायरी १: प्रश्न लिहा

"मला सगळा डेटा बघायचाय" हा प्रश्न नाही. ज्याच्या उत्तराने तुमची कृती बदलते, तो खरा प्रश्न. किराणा आणि पूजासाहित्याच्या दुकानाचं उदाहरण घेऊ. प्रश्न असा: "गणपतीच्या आधीच्या दोन आठवड्यांत कोणता माल किती भरू?" इथे खरा पैसा लागलेला असतो. साखर उरली तर पुढच्या महिन्यात खपेल, पण सजावटीचा माल उरला तर वर्षभर माळ्यावर, आणि पुरवठादाराचे पैसे मात्र वेळेवर द्यायचे. कमी भरला तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात.

पायरी २: एक ओळ म्हणजे काय, ते ठरवा

या क्षेत्रातलं मोठं नाव म्हणजे राल्फ किंबॉल. त्यांचं 'द डेटा वेअरहाऊस टूलकिट' हे पुस्तक १९९६ मध्ये आलं. त्यांच्या पद्धतीत चार पायऱ्या आहेत: कोणता व्यवहार नोंदवायचा, एक ओळ म्हणजे नेमकं काय, कोणकोणत्या बाजूंनी बघायचं आणि काय मोजायचं. सगळ्यात महत्त्वाची दुसरी. तिला ग्रेन म्हणतात, म्हणजे दाणा.

एक ओळ म्हणजे एक दिवसाची विक्री? मग कोणता माल गेला ते कळणार नाही. एक ओळ म्हणजे एक बिल? तरी नाही कळणार. आपल्या प्रश्नासाठी एक ओळ म्हणजे एका बिलावरची एक वस्तू. लक्षात ठेवा, गव्हाचं पीठ करता येतं, पिठाचे गहू होत नाहीत. बारीक नोंदींची बेरीज कधीही करता येते, पण नुसती बेरीज ठेवली तर ती परत फोडता येत नाही.

मग किती ओळी होतील? समजा दिवसाला १५० बिलं आणि प्रत्येक बिलावर सरासरी ६ वस्तू. दिवसाला ९०० ओळी. वर्षात ३०० दिवस दुकान उघडं धरलं तर २,७०,००० ओळी. एक्सेलच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात, म्हणजे एक शीट पावणेचार वर्षांच्या पुढे जाते. सुरुवातीला महागडं काही घ्यायची गरज नाही.

पायरी ३: बाजू आणि मापं वेगळी करा

मधला मुख्य तक्ता विक्रीचा. त्यात तारीख, बिल नंबर, वस्तूचा कोड, ग्राहकाचा कोड, नग, विक्रीची रक्कम आणि त्या वेळची खरेदी किंमत. माल परत आला तर जुनी ओळ खोडू नका, उणे नगाची नवी ओळ टाका. भोवती छोटे तक्ते: वस्तू, ग्राहक, पुरवठादार, तारीख.

वस्तूच्या तक्त्यात एक वस्तू, एक कोड. "साखर सुटी", "साखर लूज" आणि "शुगर" अशी तीन नावं पडली की तिन्हींची विक्री कमी दिसते. एककही एकच ठेवा. खरेदी बॉक्समध्ये आणि विक्री नगात असेल, तर एका बॉक्समध्ये किती नग हे तिथेच लिहा.

तारखेचा वेगळा तक्ता कशाला, असं अनेकांना वाटतं. आता बघा. गणेश चतुर्थी २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला होती, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. ऑगस्टची तुलना ऑगस्टशी केलीत तर २०२५ मध्ये धंदा जोरात वाढला असं वाटेल, आणि सप्टेंबर बघून घाबराल. दोन्ही निष्कर्ष चुकीचे! म्हणून तारखेच्या तक्त्यात "चतुर्थीला किती दिवस बाकी" हा रकाना ठेवा. २०२६ मध्ये चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे. मग तुलना महिन्याशी महिन्याची नाही, तर सणाआधीच्या १४ दिवसांशी १४ दिवसांची होईल.

पायरी ४: जुनं पुसू नका

२२ सप्टेंबर २०२५ पासून साबणाची वडी, शाम्पू, टूथपेस्ट यांचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. वस्तूच्या तक्त्यात तुम्ही १८ खोडून ५ लिहिलं आणि जुन्या विक्रीचा हिशोब त्यावरून काढला, तर ऑगस्टच्या बिलांचा करही ५ टक्क्यांनी निघेल. म्हणून जुनी ओळ तशीच ठेवा, तिच्यापुढे "२१ सप्टेंबरपर्यंत" लिहा आणि नवी ओळ "२२ सप्टेंबरपासून" म्हणून जोडा. खरेदीचा भाव, पुरवठादार बदलला तरी हाच नियम.

जे विकलं गेलं नाही, त्याचं काय?

विक्रीचा तक्ता फक्त विकलेलंच सांगतो. कापूर तीन दिवस संपलेला होता, तर तिथे विक्री शून्य दिसेल. मागणी शून्य होती का? नाही! म्हणून काउंटरवर "मागितलं, पण नव्हतं" अशी छोटी वही ठेवा: तारीख, वस्तू, किती जणांनी विचारलं. आठवड्याला ती शीटमध्ये चढवा. माल भरताना विक्री आणि ही वही शेजारी ठेवून बघा, तेव्हाच पायरी १ मधल्या प्रश्नाचं खरं उत्तर मिळेल.

या आठवड्याचा गृहपाठ

१. ज्यांच्या उत्तराने तुमची खरेदी, उधारी किंवा दर बदलेल असे तीनच प्रश्न लिहा.
२. प्रत्येकासमोर "एक ओळ म्हणजे..." हे वाक्य पूर्ण करा.
३. सगळ्यात जास्त खपणाऱ्या ५० वस्तूंना कोड द्या.
४. दर रविवारी बिलिंगमधून आठवड्याची विक्री काढून शीटमध्ये जोडा, आणि त्या आठवड्याची बेरीज बिलिंगशी जुळते का ते तपासा. जुळत नसेल तर पुढे जाऊ नका.

एवढं झाल्यावर सॉफ्टवेअरवाल्याशी बोला. त्याचा डेमो बघण्याआधी तुमचे तीन प्रश्न त्याच्यासमोर ठेवा आणि म्हणा, "दादा, याची उत्तरं काढून दाखव." त्याच्या उत्तरांवरून घ्यायचं की नाही ते ठरवा.

गृहपाठ करून बघा, अडलं तर व्हिडिओखाली विचारा. भेटू पुढच्या भागात!