निळा ग्रोपर



"आजी, एका जातीच्या माशांत आधी सगळ्या माद्याच असतात, मग त्यांतली एखादी नर होते," असे मी घरी सांगितले. आजी म्हणाली, "काहीतरीच काय सांगतोस!" पण हे अगदी खरे आहे.

हा मासा ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर, खडकाळ समुद्रात राहतो. तेथील पाणी आपल्या कोकणातल्यापेक्षा थंड असते. त्याला निळा ग्रोपर म्हणतात, पण तो आहे रास या कुळातला. तो सुमारे १ मीटर लांब वाढतो. मी फळ्याखाली खडूने १ मीटरची रेघ ओढली, तर ती पहिलीतल्या मुलाच्या उंचीएवढी भरली!

पिल्ले पाणगवतात लपून वाढतात. माद्या तपकिरी असतात. नर गडद निळा असतो. ओठ जाड आणि दात खुंटीसारखे. त्या दातांनी तो खडकावरचे शिंपले, खेकडे आणि अंगभर काटे असलेले सी अर्चिन ओढून काढतो आणि फोडून खातो.

एका जागी एक मोठा नर आणि बऱ्याच माद्या असतात. नर मेला की सर्वांत मोठी मादी हळूहळू रंग बदलते आणि नर होते.

हा मासा माणसाला भीत नाही. पाणबुड्याच्या मागे मागे येतो. म्हणूनच त्याला भाल्याने मारणे फार सोपे. १९६९ साली न्यू साउथ वेल्स राज्याने त्याला भाल्याने मारायला बंदी केली. १९९८ साली तो त्या राज्याचा राज्यमासा झाला. तरीही २०२३ च्या शेवटी सिडनीत एकाने असा मासा भाल्याने मारलाच. लोक फार चिडले. मग २०२४ मध्ये सरकारने गळानेसुद्धा तो धरायला एक वर्ष बंदी घातली.

मी हिशेब केला. मोठा नर मारला, की त्याच्या जागी मोठी मादी नर होते. म्हणजे अंडी घालणारी एक आई कमी झाली. भाला लागतो नराला, पण कमी होते मादी!

मित्रांनो, जो जीव विश्वासाने आपल्याजवळ येतो, त्याला दगड मारू नये. आपल्या गावच्या तळ्यावरही हे लक्षात ठेवू या.

सांगा पाहू : निळा ग्रोपर दिसला, तर तो नर की मादी?

— इयत्ता सातवीचा एक विद्यार्थी