विंडोज १० वर चालतं, ७ वर का नाही?

प्रश्न : सी++ मधला माझा बिलिंग प्रोग्रॅम विंडोज १० वर नीट चालतो. ग्राहकाच्या विंडोज ७ वर मात्र ‘गेटडीपीआयफॉरविंडो’ हे फंक्शन यूझर३२ डीएलएलमध्ये सापडत नाही, असा संदेश येतो आणि प्रोग्रॅम उघडतच नाही.

उत्तर : हे फंक्शन विंडोज १० च्या १६०७ आवृत्तीत, म्हणजे २०१६ साली आलं. तुमच्या एक्सई फाइलच्या इम्पोर्ट टेबलमध्ये त्याचं नाव बसलंय. प्रोग्रॅम सुरू होण्याआधीच विंडोज त्या यादीतलं एकेक नाव शोधतं. एक जरी मिळालं नाही तरी सगळं थांबतं. त्यामुळे ‘विंडोज ७ असेल तर हे वापरू नको’ अशी अट कोडमध्ये घालून भागत नाही.

आधी प्रोजेक्टच्या प्रीप्रोसेसर सेटिंगमध्ये ‘_विन३२_विनएनटी’ची किंमत ०एक्स०६०१ करा. मग नवीन फंक्शन्सची घोषणा हेडरमधून लपते आणि चूक कंपाइल करतानाच तुमच्यासमोर येते, ग्राहकासमोर नाही. मात्र एवढ्याने प्रोग्रॅम जुन्या विंडोजवर आपोआप चालू लागणार नाही.

ते फंक्शन हवंच असेल, तर ‘गेटप्रॉकअ‍ॅड्रेस’ने त्याचा पत्ता चालू प्रोग्रॅममध्ये मागा. पत्ता नल आला, तर जुन्या ‘गेटडिव्हाइसकॅप्स’वर या. आवृत्तीचा आकडा तपासण्यापेक्षा मला हीच रीत भरवशाची वाटते : मॅनिफेस्टमध्ये नोंद नसेल, तर ‘गेटव्हर्जनईएक्स’ विंडोज १० वरही ६.२, म्हणजे विंडोज ८ चा आकडा सांगतं.

ग्राहकाला फाइल देण्यापूर्वी व्हर्च्युअल मशीनमधल्या कोऱ्या विंडोज ७ वर ती एकदा उघडून बघाच.